गोळ्या डावीकडे खाली जातात, पण दोष मनगटाच्या जोराचा नाही

हुपरीहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, माझं वय १९, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर झालं, कोल्हापूरला येऊन क्लबच्या एअर पिस्तुलावर १० मीटरचा सराव करते. मी उजव्या हाताने मारते. गोळ्या सारख्या डावीकडे आणि खाली जातात. सलग नऊ-दहा लागत असताना मध्येच एकदम सात येतो. क्लबचं पिस्तूल माझ्या हाताला मोठं आहे, बोट ट्रिगरपर्यंत पोचवायला हात जरा फिरवून धरावा लागतो, पण त्याची आता सवय झालीय. मामा तालमीतले आहेत, ते म्हणतात मनगटात जोर नाही, घट्ट धर. रेंजवरची एक सिनियर मुलगी म्हणते, सैल धर. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून अंगठा पुढे ताणून बघितला, तर आणखीच बिघडलं. मी मागच्या साइटचे क्लिक (नेमाची खाच सरकवणारा स्क्रू) फिरवून कसंबसं भरून काढते. बाबांचं चांदीकाम आहे. ते म्हणतात, कर्ज काढू पण तुला स्वतःचं पिस्तूल घेऊ. घ्यावं का?"

तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबले. "हात जरा फिरवून धरावा लागतो, पण त्याची आता सवय झालीय." तू हे ओझरतं लिहून पुढे गेलीस आणि मनगटाच्या जोराची काळजी करत बसलीस. तुझं दुखणं मला त्याच वाक्यात दिसतं. बाबांना आत्ता कर्ज काढू देऊ नकोस. त्याआधी करून बघण्यासारखं खूप आहे, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

आधी सातचा हिशेब करू, कारण तो कळला की ग्रिपवर, म्हणजे पकडीवर, एवढी मेहनत का घ्यायची ते आपोआप कळतं. आपल्या टार्गेटवर मधल्या, दहा गुणांच्या रिंगचा व्यास ११.५ मिलिमीटर. तिथून बाहेर प्रत्येक रिंग चहूबाजूंनी ८ मिलिमीटरने वाढते, म्हणजे व्यास १६ मिलिमीटरने, आणि गुण एकेक कमी होतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. आता समज, तुझ्या साइट, म्हणजे पुढची खुंटी आणि मागची खाच, अगदी बरोबर जुळलेल्या आहेत, पण तुझा हात सगळाच्या सगळा, पिस्तुलासकट, ५ मिलिमीटर बाजूला सरकलाय. छर्रा मध्यापासून ५ मिलिमीटरवर लागेल. दहाच. उलट, हात जागचा हलला नाही, पण पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली. दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरलं, तर १० मीटरवर ती चूक तीसपट होते. छर्रा मध्यापासून ३० मिलिमीटरवर. म्हणजे बरोबर सात.

तुझे नऊ-दहामध्ये घुसणारे सात कुठून येतात ते बघ. हात थरथरतो म्हणून सात येत नाही. हात सगळ्यांचाच हलतो, जगज्जेत्यांचाही हलतो, आणि तेवढं हलणं दहामध्ये मावतं. सात येतो तो मनगट किंवा बोटं शेवटच्या क्षणी पिस्तुलाला कोन देतात म्हणून. ग्रिपचं काम म्हणजे पिस्तूल जखडून ठेवणं, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते ग्रिपची कामं दोनच. हात वर आला की साइट स्वतःहून जुळलेल्या दिसाव्यात, आणि ट्रिगरचं बोट हललं तरी बाकीच्या हाताला त्याचा पत्ता लागू नये.

तुझ्या हातात ही दोन्ही कामं होत नाहीत, कारण पिस्तूल मोठं आहे. योग्य पकडीत अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी पिस्तुलाच्या मागच्या बाजूला, जेवढी वर जाईल तेवढी वर, घट्ट बसते. नळी, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात वरून पाहिलं तर एका रेषेत येतो. बोट पोचत नाही म्हणून तू हात फिरवतेस, तेव्हा ही रेष मोडते. मग साइट जुळवायला मनगट वाकडं ठेवावं लागतं, आणि वाकडं ठेवलेलं मनगट संधी मिळाली की आपल्या जागी परत जायला बघतं. ती संधी ट्रिगर दाबतानाच मिळते, कारण तेव्हा तुझं लक्ष बोटावर असतं. शिवाय एवढं करूनही बहुधा बोटाचं टोकच ट्रिगरला लागत असणार. टोकाने दाबलं की ट्रिगर सरळ मागे येत नाही, उजव्या हाताचं बोट त्याला डावीकडे ढकलतं. तुझं 'डावीकडे' मला इथे दिसतं.

'खाली'चं कारण वेगळं, आणि ते मामांच्या सल्ल्याशी जोडलेलं आहे. बोटं मिटवणारे स्नायू पंजात नसून कोपराखालच्या हातात असतात, आणि त्यांचे दोर मनगटातून बोटांपर्यंत येतात. शेजारशेजारच्या बोटांचे हे स्नायू एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून तर्जनी आवळली की बाकीची तीन बोटंही नकळत आवळतात, आणि पिस्तुलाचं तोंड खाली झुकतं. जितकं घट्ट धरशील तितकं हे जास्त होईल, वर हातही लवकर थरथरायला लागेल. मामांचा अनुभव खरा आहे, पण तो कुस्तीतला. समोरचा गडी मनगट सोडवून घ्यायला झटत असतो तेव्हा जोर लागतो. एअर पिस्तूल असतं साधारण एक किलोच्या आसपास, आणि त्याला मागे धक्का जवळजवळ नसतोच. मामांना हे नीट सांग, त्यांना पटेल.

सिनियर मुलीचा 'सैल धर'ही अर्धाच खरा. सैल पकडीत पिस्तूल प्रत्येक गोळीला हातात वेगळं बसतं. मग किती दाब द्यायचा? हे दुसऱ्याने सांगून कळत नाही, स्वतःच्या हातानेच शोधायचं. रिकामं पिस्तूल टार्गेटच्या दिशेने उचल, पकड हळूहळू आवळत जा, आणि पुढच्या साइटकडे बघत राहा. एका टप्प्यावर ती बारीक थरथरायला लागेल. तिथून पकड किंचित सोड, थरथर थांबेपर्यंत. तो तुझा दाब. पाण्याने भरलेला तांब्या उचलताना बोटं जेवढी आवळतात, साधारण तेवढाच तो निघतो. तांब्या आपण दाबत नाही, पण तो सटकतही नाही. मात्र हा दाब हात वर आणल्यापासून गोळी सुटून दोन सेकंद होईपर्यंत तसाच राहायला हवा. कमी असो की जरा जास्त, तो मध्येच बदलला नाही पाहिजे.

तो दाब कुठून द्यायचा, हेही सांगते. मधलं बोट आणि अनामिका या दोघांनी, समोरून सरळ मागे, तळहाताच्या दिशेने. बाजूंनी चिमटीत पकडायचं नाही. करंगळी नुसती सोबतीला. अंगठा लाकडी ग्रिपवरच्या (पिस्तुलाच्या मुठीलाही ग्रिपच म्हणतात) त्याच्या खाचेत आरामात टेकलेला, दाब शून्य. तर्जनी ट्रिगरशिवाय पिस्तुलाला कुठेही लागता कामा नये. तिच्या आणि लाकडाच्या मध्ये फट दिसली पाहिजे. ट्रिगरवर पहिल्या पेराचा मांसल भाग यावा. मनगट खालीवर-बाजूला न झुकता ताठ, आणि शेवटपर्यंत तसंच.

मोबाइलवरच्या व्हिडिओंबद्दल. अंगठा पुढे ताणण्याची ती पद्धत दोन हातांच्या पकडीसाठी आहे. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, पिस्तुलाला जोरदार धक्का असतो, तो आवरून दुसरी गोळी लगेच मारायची असते, म्हणून तिथे दोन्ही तळहात पिस्तुलाला चिकटवतात आणि दोन्ही अंगठे पुढे करतात. त्या कामासाठी ती चांगली पद्धत आहे. आपल्या स्पर्धेत नियमानेच एक हात वापरायचा असतो, त्यामुळे ती तुझ्या कामाची नाही. आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्या कोल्हापूरला रायफलची मोठी परंपरा आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसहून ऑलिंपिक ब्राँझ आणलं. त्यामुळे रेंजवर रायफलवाल्यांचा सल्ला भरपूर मिळतो आणि तो आदराने ऐकावा. पण त्यांना जाड जॅकेट असतं, दोन हात आणि खांद्याचा टेकू असतो. पकडीच्या बाबतीत पिस्तूलवाल्यांनाच विचार.

पिस्तुलात आपल्याकडे राही सरनोबत आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाच्या फायनलमध्ये ती आणि थायलंडची नेमबाज ३४-३४ वर अडकल्या, आणि बरोबरी सोडवायच्या शूट-ऑफमध्ये राहीने सुवर्ण घेतलं. त्या स्पर्धाप्रकारात रॅपिडला, म्हणजे जलद टप्प्यात, टार्गेट दर गोळीसाठी फक्त ३ सेकंद समोर येतं. हात खालून वर आणायचा, साइट बघायच्या, ट्रिगर दाबायचा, सगळं त्या तीन सेकंदांत. साइट जुळवत बसायला तिथे वेळच नसतो. त्या जुळलेल्याच वर याव्या लागतात, आणि ते काम हात टेबलावर असतानाच, पकड घेतानाच, झालेलं असतं. १० मीटरला तुझ्याकडे ६० गोळ्यांना ७५ मिनिटं असतात. वेळ भरपूर आहे, म्हणूनच पकडीतली चूक मनगटाने झाकायची सवय लागते.

आता तुझ्या क्लबच्या पिस्तुलाकडे. उद्या रेंजवर गेलीस की सरांना दोन गोष्टी विचार. पहिली, ट्रिगरची पाती मागे सरकवता येते का? बहुतेक मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, पिस्तुलांमध्ये ती सोय असते, आणि लहान हाताला त्या काही मिलिमीटरने फार फरक पडतो. दुसरी, तळहाताखालची सरकती पट्टी कुठे बसवलीय? ती तळहाताच्या कडेला नुसती टेकावी. वरून दाबून हात चिमटीत धरणारी पट्टी थोड्या वेळात बोटं बधिर करते. उन्हाळ्यात दुपारी हात किंचित फुगतो, सकाळी नीट असलेली पट्टी तेव्हा टोचू शकते. क्लबचं पिस्तूल चार जण वापरतात, म्हणजे ती रोज हललेली असणार. सरांच्या परवानगीने तुझ्या जागेवर पेन्सिलीची बारीक खूण कर, आणि सराव सुरू करण्याआधी पट्टी त्या खुणेवर आण. या दोन्ही गोष्टी स्वतः स्क्रू फिरवून करू नकोस, सरांकडून करून घे. ट्रिगर हलवला की त्याचं वजनही तपासावं लागतं, ते ५०० ग्रॅमच्या खाली गेलं तर स्पर्धेत बाद.

हे झाल्यावर डोळे मिटून चाचणी घे. पिस्तूल रिकामं, तोंड टार्गेटकडे. डाव्या हाताने ते पुढून धर, उजवा पंजा उघडा ठेव, बेचकी मागून वर रुतव, मग मधलं बोट, अनामिका, करंगळी, शेवटी अंगठा. तर्जनी बाहेरच. हात वर आण, डोळे मीट, एक श्वास घेऊन सोड, डोळे उघड. टार्गेट आत्ता विसर, फक्त साइट बघ. पुढची साइट खाचेच्या मधोमध आणि वरच्या कडेला समपातळीत असेल तर पकड जमली. ती डावीकडे सरकलेली दिसली तर पिस्तूल हातातच किंचित उजवीकडे फिरवून पुन्हा धर, उजवीकडे दिसली तर डावीकडे. मनगटाने दुरुस्त केलंस तर चाचणीला काही अर्थ नाही. साइट जुळल्यात पण रोख टार्गेटच्या बाजूला जातोय, असं असेल तर पकडीला हात लावू नकोस, पाय हलव. ही चाचणी कितीही वेळा केलीस तरी साइट तशाच दिसायला हव्यात. कंटाळवाणं काम आहे खरं. पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी सुरुवातीचे काही दिवस याहून जास्त काही करू देत नाही, आणि त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

मागच्या साइटचे क्लिक फिरवणं आजपासून बंद. क्लिक फिरवायचे ते छर्रे एका जागी गोळा होत असतील आणि तो गोळा मध्यापासून बाजूला असेल तेव्हा. तुझे छर्रे एका जागी नाहीत. बरे पडतात आणि मध्येच एखादा पळतो. पळणाऱ्याच्या मागे साइट नेलीस की बरे पडणारे बिघडतात, आणि चूक कुठे होती याची खूणही पुसली जाते. सरांना सांगून साइट एकदा मध्यावर आणून घे आणि पुढचे दोन आठवडे तिला विसर.

त्या दोन आठवड्यांत सरावाचा पहिला भाग कोऱ्या कागदावर कर. टार्गेट उलटं लाव, पांढरी बाजू समोर. काळं वर्तुळ दिसलं नाही की नजर टार्गेटवर पळत नाही, पुढच्या साइटवर राहते, आणि ट्रिगर दाबताना ती साइट हलली की लगेच दिसतं. आधी ड्राय, म्हणजे छर्रा न भरता, मग छर्रे. साइट हलली तर बोटाला दोष देण्याआधी विचार, तिन्ही बोटं आवळली का? साधारण दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली घे, न मारता. हात खाली घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, आणि ती फार थोड्या मुली शिकतात.

घरी पिस्तूल नाही याची खंत करू नकोस. लाटण्याची मूठ घे. मधलं बोट, अनामिका आणि तळहात यांच्यात ती धर, करंगळी नुसती टेकव, आणि तर्जनी मोकळी ठेवून हळूहळू मिट-उघड कर. डाव्या हाताची बोटं उजव्या तीन बोटांवर ठेवून बघ, ती आवळतात का. सुरुवातीला आवळतीलच. अभ्यासाला बसलीस की पाच मिनिटं, एवढं पुरे. तर्जनीचं हे वेगळेपण हातात यायला आठवडे लागतात, पण ते येतं.

एक बारीक गोष्ट, पण तू चांदीवाल्यांच्या घरातली म्हणून आवर्जून लिहिते. पिस्तुलाच्या हातात बांगडी, कडं, घड्याळ काहीही चालत नाही. मनगटाला आधार मिळेल असं काहीही नियमात बसत नाही. सरावालाही घालू नकोस, नाहीतर स्पर्धेच्या दिवशी हात वेगळाच वाटेल. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नकोस.

आता बाबांचा प्रश्न. नवं मॅच पिस्तूल लाखाच्या वर जातं. ते घेऊन ग्रिप चुकीच्या मापाची आली तर हेच पत्र तू मला पुन्हा लिहिशील. त्यापेक्षा ट्रिगरची पाती मागे घेऊनही बोट पुरत नसेल, तर क्लबच्या मॉडेलला बसणारी लहान मापाची ग्रिप वेगळी मिळते का, ते सरांना विचार. लाकडाच्या ग्रिप लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत येतात, आणि पिस्तुलाच्या मानाने फार स्वस्त पडतात. सराव करताना ती बसवायची, निघताना काढून घरी न्यायची. पिस्तूल घ्यायचा विचार मग वर्षभराने करा, तुझे गुण आणि घरचं गणित दोन्ही बघून.

आणि तशी ग्रिप घेतलीत, तर तुझ्या बाबांच्या हाताला तोड नाही. ती तुझ्या पंजाला जुळवायला बारीक कानसकामच लागतं, आणि हुपरीच्या कारागिराला कानस कशी चालवायची हे मी काय सांगणार. फक्त कुठे घासायचं ते तू दाखव. तळहाताला खडूची पूड लाव, नेहमीसारखी पकड घे, सोड. लाकडावर जिथे पूड दाट उठली तिथे हात जास्त दाबतो, जिथे उठलीच नाही तिथे पोकळी आहे. दाट जागा थोडी घासायची, मग त्याच ग्रिपवर एक-दोन दिवस सराव करायचा, मग पुन्हा खडू. एका बसणीत सगळं उरकायचा मोह बाबांना होईल, तो होऊ देऊ नकोस. पोकळी भरायला लाकडाची पुट्टी चालते, पण पुट्टी चढवताना मोजपट्टी जवळ ठेवा. स्पर्धेआधी अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसवून बघतात, आणि हौसेने जाड केलेल्या ग्रिप त्या ५० मिलिमीटरला अडतात. तळहाताखालची पट्टी हाताभोवती वर वळवलेलीही चालत नाही, आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. क्लबच्या मूळ ग्रिपला मात्र कानस लावायची नाही, कितीही टोचली तरी.

दोन आठवड्यांची टार्गेटं तारखा घालून जपून ठेव, कोरे कागदही. पुढचं पत्र पाठवशील तेव्हा त्यांचे फोटो पाठव, आणि पकड घेतलेल्या हाताचा एक फोटो वरून काढलेला, म्हणजे नळी आणि कोपर एका रेषेत आलं का ते मला बघता येईल.